खुणेच्या दगडापर्यंतची नऊ पावलं

मला पोहता येत नाही. जिचं सगळं लहानपण तळ्यांच्या काठी गेलं तिला पोहता येऊ नये, याचं माझ्या नातीला फार हसू येतं. हसू दे बापडी. आमच्याकडे तळं हे पोहायचं ठिकाण नव्हतंच. शेजारच्या आजारी माणसाला रोज बघून यावं, तसं ते बघून यायचं असायचं. सोनईच्या बाजारातून दक्षिणेकडे जे बुटके, उघडेबोडके डोंगर दिसतात, त्यांच्या मागच्या अंगाला वनखात्याचं रान होतं. रान म्हणजे काही फार दाट नव्हे. खैर, पळस, सीताफळीची झुडपं, मधूनच एखादा जुना हिवर आणि खात्यानं ओळीत लावलेलं करंज. पण आत शिरलं की वस्तीचा आवाज मागे पडायचा आणि एखाद्या वळणावर अचानक समोर पाणी यायचं. अशी तीन तळी होती. मी रांगत होते त्या दुष्काळात माणसांनी डोक्यावरून माती वाहून बांधलेले ते पाझर तलाव. तिसऱ्या तळ्याच्या भरावावर माझी आई कामाला होती आणि मला काठच्या हिवराखाली फडक्यावर टाकून ती पाट्या वाहायची. "ह्या तळ्याची निम्मी माती माज्या डोक्यावरनं गेलीया," असं ती भांडणात हमखास ऐकवायची, भांडण मिठावरून का असेना.

माझे वडील, तात्या, त्या रानात वनमजूर होते. खाकी सदरा, हातात निरगुडीची काठी, पायात टायरच्या वहाणा. काम तीन तळ्यांचं. संध्याकाळी प्रत्येक तळ्याच्या काठची ओली माती पाल्याच्या डहाळीनं सारवल्यासारखी सपाट करून यायची आणि सकाळी जाऊन, रात्री पाण्यावर कोण कोण येऊन गेलं ते त्या मातीत वाचायचं. कोल्हा, ससा, साळिंदर, हरणं, कधी लांडगा. शिवाय पाणी किती उतरलं ते बघायचं. दर सोमवारी गार्डसाहेब सायकलवरून यायचे, आमच्या ओट्यावर बसून चहा प्यायचे, तात्या तोंडानं सांगायचे आणि ते वहीत लिहून घ्यायचे. गार्डसाहेब माणूस चांगला होता, पण चढ चढून तळ्यापर्यंत जायचा त्यांना भारी कंटाळा. त्या कंटाळ्यावर आमचं घर चाललं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

कारण तात्यांचे डोळे चालले होते. आधी बाजूचं दिसेना. मग संध्याकाळचं. मी सातवीत गेले तोवर त्यांना समोरचं माणूस सावलीसारखं दिसायचं, आणि पाणी न् माती सारखीच पांढुरकी. घरात हे तिघांना ठाऊक होतं. चौथ्याला कळलं तर काम जाणार, आणि आम्हाला शेत ना शिवार. आई म्हणायची, "झाकली मूठ सव्वा लाखाची. कुनाला बोलायचं न्हाई." मी बोलत नव्हते. पहाटे साखर कारखान्याचा भोंगा झाला की तात्या उठायचे, तोंड धुवायचे, भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीपुढं हात जोडून क्षणभर उभे राहायचे आणि म्हणायचे, "विमे, चल. डोळे घे बरूबर." डोळे म्हणजे मी.

वस्तीतून निघताना ते माझ्यापुढे चालायचे, ताठ, जणू मलाच वाट दाखवतायत. ओढा ओलांडला, कोणी बघायला उरलं नाही, की हात मागे करायचे. मी तो धरायचा. मग तीन-चार तास आम्ही दोघंच. पाचोळ्याचा चुरचुर आवाज, होल्यांचं घुमणं, पहिल्या तळ्याजवळ गेलं की टिटवीचा शिव्या दिल्यासारखा कालवा. तात्या काठावर उकिडवे बसायचे आणि सारवलेल्या मातीवरून बोटं फिरवायचे. काय बोटं होती ती! खूर आहे की पंजा, नख उमटलंय की नाही, जनावर प्यायला आलं तेव्हा निवांत होतं की बुजलेलं, सगळं बोटांनी सांगायचे. "लांडगा न्हाई ह्यो, वस्तीवरचं कुत्रं हाय. लाज न्हाई वाटत मेल्याला, एवढ्या लांब पानी प्यायला येतं!" पण बोटांना पोचत नाही ते मी सांगायचं. आणि सांगणं म्हणजे काय, ते त्यांनी मला शिकवलं. मी म्हणाले, "पाण्यावर पक्षी हायेत," तर खेकसायचे. "पक्षी काय पक्षी? किती? कोनत्या अंगाला? बसल्यात का चरत्यात? मोटं मोटं सांगू नगं, बारीक सांग." मी सांगत जायची. पाण्याचा रंग, काठाला लागलेली शेवाळाची रेघ, भरावावर पडलेली नवी भेग, कुणी तोडून नेलेली फांदी. सांगून संपलं की ते थोडा वेळ गप्प राहायचे आणि मग ठरलेला प्रश्न विचारायचे, "आनखी काय ऱ्हायलं?" मी पुन्हा एकदा नीट बघायची. बहुतेक वेळा काहीतरी राहिलेलंच असायचं. पुढे तीस वर्षं मी वर्गात पोरांना निबंध शिकवले. माझ्याजवळ त्यापेक्षा वेगळं शिकवायला काही नव्हतं.

तिसरं तळं सगळ्यात आतलं, हिवराचं तळं. तिथे मला कधीच करमलं नाही. उंच भरावामुळे ऊन उशिरा यायचं, पाणी काळसर दिसायचं आणि आवाज कसलाच नसायचा. काठापासून थोडं आत, पाण्यात एक मोठा दगड होता. त्यावर खात्यानं तेलरंगाच्या रेघा मारल्या होत्या, पाणी किती आहे ते कळायला. आणि त्या रेघांवर तात्यांनी छिन्नीनं स्वतःच्या खाचा पाडल्या होत्या, बोटांना कळाव्यात म्हणून. हिवराच्या बुंध्याला हात लावायचा, तिथून सरळ नऊ पावलं, की दगड. उन्हाळ्यात कोरड्यातून, पावसानंतर घोटाभर पाण्यातून. दगड गाठायला ते माझा हात धरत नसत. "सोड. हे मला येतं," म्हणायचे आणि पावलं मोजत निघायचे. सगळ्या फेरीत तेवढी एकच जागा होती, जिथे त्यांना माझी गरज नव्हती. दगडाशी पोचले की तिथूनच ओरडून सांगायचे, "खाच तिसरी!" आणि तोंडावर असं हसू, की वाटावं आत्ताच दहावी पास झालेत.

परत यायला दहा वाजायचे. तोवर आईनं हुलग्याचं माडगं केलेलं असायचं, बाजरीची भाकरी, लाल मिरचीचा ठेचा. कधी तळ्यातले बोटाएवढे मासे वाळवून तव्यावर भाजलेले. मी ताट तोंडाला लावल्यासारखी जेवायची आणि दप्तर उचलून शाळेत पळायची. रोज उशीर. गुरुजींना सांगायला रोज नवं कारण. एकदा गुरुजी म्हणाले, "विमल, तुझ्या आईला महिन्यातनं किती वेळा ताप येतो गं?" सगळा वर्ग हसला, मीही हसले. तरी सातवीत मी पहिली आले. गुरुजी स्वतः घरी आले आणि म्हणाले की गावात पुढे शाळा नाही, पण नेवाशाला मुलींचं वसतिगृह आहे, मी अर्ज आणतो, पोरगी शिकेल.

आमच्या घरात शिक्षणाला नाही म्हणायची रीत नव्हती. पौर्णिमेला विहारात वंदना झाली की तात्याच उभे राहून लोकांना सांगायचे, उपाशी राहा पण पोरं शिकवा, पोरी तर आधी शिकवा. म्हणून गुरुजी बोलत होते तेव्हा मी दाराआड उभी राहून नेवाशाला पोचलेसुद्धा. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. चहाचा कप खाली ठेवताना त्यांचा हात कपाटावर आपटला. मग म्हणाले, "यंदा नगं, गुरुजी. फुडल्या साली बगू."

गुरुजी गेल्यावर मी घर डोक्यावर घेतलं. "लोकास्नी सांगता न् सोताच्या पोरीला कोंडून ठेवता व्हय?" असं मी माझ्या बापाला म्हणाले. आईनं पाठीत धपाटा घातला. तात्या एवढंच म्हणाले, "मला आनखी एक साल लागंल, विमे. कायम करनार म्हनत्यात साहेब. कायम झालो की मग डोळं गेलं तरी काय तरी बसून काम देत्यात." हे सगळं खरं होतं. ते किती खरं होतं हे आज मला कळतं. तेव्हा मला एवढंच कळलं, की यांचे डोळे होण्यात माझं सगळं आयुष्य जाणार. मला त्यांचा राग आला. खोटं कशाला बोलू, राग नव्हे, दुस्वास आला.

त्या उन्हाळ्यात गावकरी तळ्यातला गाळ काढत होते. उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याचा गाळ शेतात टाकायचा, ही आमच्याकडची जुनी चाल. गाळाची काळी माती पडली की मुरमाड रानातही बाजरी हसते. तात्यांनी एकच बंधन घातलं होतं, की भरावाच्या बाजूनं खणा, हिवराच्या बाजूला हात लावायचा नाही. लोक ऐकतही होते. पण शेवटी शेवटी, पाऊस तोंडावर आल्यावर घाई झाली. हिवराच्या बाजूचा गाळ मऊ, लोण्यासारखा. कुणीतरी दोन दिवस ट्रॅक्टर तिकडे घातला. तात्या त्या दोन दिवसांत इतर मजुरांबरोबर खाली रोपवाटिकेत कामाला होते. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही हिवराच्या तळ्यावर गेलो, तेव्हा हिवर आणि दगड यांच्या मधोमध खड्डा होता. विहिरीसारख्या उभ्या कडांचा, दोन पुरुष खोल. दगड पलीकडे बेटासारखा सोडलेला.

तळं पार आटलेलं, मोजायला पाणीच नाही, त्यामुळे त्या दिवशी दगडापर्यंत जायचं कारण नव्हतं. तात्या हिवराला टेकून बसले. म्हणाले, "सांग." मी सांगू लागले. पळसाला नवी पालवी, कावळा एक, भरावाकडे ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या. दोन दिवस घरात मी त्यांच्याशी बोलत नव्हते, इथेही नाइलाजानं बोलत होते, तुटक तुटक. ते म्हणाले, "आनि ह्या अंगाला?" मी खड्ड्याकडे बघत होते. अगदी नीट बघत होते. म्हणाले, "हाय तसं."

त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. मग विचारलं, "आनखी काय ऱ्हायलं?"

"काई न्हाई," मी म्हणाले.

मला त्यांना मारायचं नव्हतं. हे मी आजवर स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की आता ते खरं आहे की पाठ झालंय, तेच कळत नाही. मला वाटलं होतं, उद्या सांगू. एक दिवस माझ्यावाचून यांचं अडू दे, थोडं धडपडू दे, मग कळेल माझी किंमत, असलं काहीतरी पोरकट मनात होतं. त्याच रात्री पाऊस आला. डोंगरावरून ओढे उतरले असणार, कारण घरात झोपूनही पाण्याचा आवाज येत होता. सकाळी भोंगा झाला. तात्या उठले, खुशीत होते, कोरड्या तळ्यात पाणी आलं की पहिल्यांदा खाच मोजायची त्यांना लहान पोरासारखी हौस. "विमे, चल." मी गोधडी डोक्यावर ओढली आणि म्हणाले, "पोटात दुखतंय."

ते दारात थांबले. म्हणाले, "लई दुखतंय का?" मी भिंतीकडे वळले. "ऱ्हाऊ दे मग. जातो मी. वाट पायाला ठावं हाय." त्यांची काठी ओट्यावरून उतरल्याचा आवाज मला ऐकू आला. मग ओढ्याकडच्या दगडांवरून. मी गोधडीत जागी होते. उठून पळत जायला मला वेळ होता, हे मी इथे लिहून ठेवते. पहिली दोन तळी करून तिसऱ्याला जायला त्यांना तासभर तरी लागायचा. तो तासभर मी पोटाशी गुडघे घेऊन पडून राहिले. आधी हट्टानं आणि नंतर भीतीनं. पण पडून राहिले.

त्यांना वर काढलं एका मेंढरं राखणाऱ्या धनगरानं. त्याला आधी वाटलं, पाण्यात रेडकू पडलंय. गढूळ पाणी सगळीकडे सारखं पसरलेलं, त्यात तात्या खड्ड्याच्या कडा चाचपत होते आणि प्रत्येक कड हातात ढासळत होती. त्यानं घोंगडी टाकली. बैलगाडीत घालून आणलं तेव्हा तात्यांच्या नाकातोंडात, कानात, नखांत काळा गाळ होता आणि डावा पाय मांडीपासून भलत्याच बाजूला वळलेला होता. आईनं गाडी बघितली आणि अशी किंचाळली, की तो आवाज मला अजूनही भांडं पडलं तरी ऐकू येतो.

नगरच्या दवाखान्यात खुब्याचं हाड बसवलं, म्हणजे बसवलं असं म्हणायचं. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली आणि गार्डसाहेबांच्या समोरच विचारलं, "यांना दिसत नाही, तर यांना रानात कोण पाठवतं?" झालं. मूठ उघडली. गार्डसाहेब स्टुलावर बसून राहिले. मग म्हणाले, "मला तरी सांगायचंस रे." आवाजात राग नव्हता. काम गेलं. कायम व्हायचं तर गेलंच.

घरी आणल्यावर तिसऱ्या की चौथ्या दिवशी आईला खड्ड्याचं कळलं. वस्तीवरच्या कुणीतरी सांगितलं, की पाऊस यायच्या आधी दोन दिवस तो खणलेला होता. आई चुलीपुढून उठली. माझा दंड धरला. "आदल्या दिशी तू गेल्तीस न्हवं? तुला दिसला न्हाई खड्डा? का तू सांगितलंच न्हाई त्येला?" चोराच्या मनात चांदणं म्हणतात; माझ्या तोंडावर ते लख्ख पडलं असणार. आईनं हात उगारला, आणि बाजेवरून तात्यांचा आवाज आला.

"तिला मारू नगं. तिनं सांगितलं हुतं. दोन येळा सांगितलं. मीच इसरलो."

आईचा हात तसाच राहिला. मग तो तिनं स्वतःच्या कपाळावर मारून घेतला. "इसरलास? आसं कसं इसरतोस रं? पोरीनं दोन येळा सांगून?" आणि ती रडायला लागली. तात्या छताकडे तोंड करून पडले होते. माझ्याकडे त्यांनी मान वळवली नाही. वळवून तरी काय दिसणार होतं. जरा वेळानं म्हणाले, "आता हिचं हितं काय काम हाय? गुरुजीस्नी सांगावा धाड. न्येवाशाला जाऊ दे तिला."

अशी मी नेवाशाला गेले. जे मागत होते ते मिळालं. प्रवरेच्या काठी वसतिगृह होतं, खिडकीतून नदी दिसायची. बाकीच्या मुली घाटावर जायच्या, मी कधी गेले नाही. आई सोनईत घरोघरी धुणीभांडी करू लागली आणि पुढे कित्येक वर्षं, पीठ संपलं, छप्पर गळलं, काहीही झालं, की तिचं एकच पालुपद: "पोरीनं दोन येळा सांगितलं हुतं. ह्या मानसानं ध्यान दिलं असतं तर आज ही येळ न्हवती." तात्या ऐकून घ्यायचे. एकदाही उलट बोलले नाहीत. आणि मी? मी तिथेच बसलेली असायची, भाकरी खात. दर वेळी वाटायचं, आता बोलावं. दर वेळी पुढचा घास तोंडात जायचा.

सुट्टीत आले की तात्या म्हणायचे, "चल, तळ्याकडं घेऊन चल." कुबडी एका हातात, दुसऱ्या हातात माझा हात. तीन तळी होत नसत, पहिल्याच तळ्यावर बसायचो. "सांग," म्हणायचे. मी सांगायची. काय सांगायची म्हणून विचारा! पाण्यावरचा चतुरसुद्धा सुटायचा नाही माझ्या तोंडातून. दगडाखालचा खेकडा, करंजाच्या शेंगा, पलीकडच्या काठाला पाणी पिणाऱ्या शेळीचे कान. सगळं बारीक, अगदी बारीक. सांगून सांगून दमले की ते गप्प राहायचे, पूर्वीसारखेच, आणि त्याच आवाजात विचारायचे, "आनखी काय ऱ्हायलं?"

मी बी.ए. झाले तेव्हाही विचारलं. माझं लग्न ठरलं तेव्हाही. ते अगदी शेवटचं अंथरूण धरून होते, तळ्यावर जायचा प्रश्नच नव्हता, तेव्हा मी उशाशी बसून त्यांना डोंगरावरच्या ढगांचं सांगत होते, तेव्हाही विचारलं. ते नुसती सवय म्हणून विचारत होते, की वाट बघत होते, ते मला माहीत नाही. मी दर वेळी म्हणाले, "काई न्हाई, तात्या."

आई मागच्या वर्षी गेली. तिच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपल्यावर नातीला घेऊन मी हिवराच्या तळ्यावर गेले. आता वाट सिमेंटची आहे, खात्यानं तार ओढलीय, पोहण्यास मनाई असल्याचा फलक आहे. हिवर अर्धा वाळलाय. पाणी बरंच होतं, पण दगडाचा माथा वर दिसत होता. नात तारेला लटकून म्हणाली, "आजी, त्या दगडावर काय कोरलंय गं?" तिला सांगायला मी तोंड उघडलं, आणि मला नुसतं रडू फुटलं. ती घाबरली, मोबाईल काढून तिच्या आईला फोन लावायला लागली. मी तिला म्हणाले, थांब, काही नाही झालं. मग तार धरून उभी राहिले, हिवरापासून दगडापर्यंत एकदा नीट बघून घेतलं, आणि त्या काळ्या पाण्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले,

"ऱ्हायलं हुतं, तात्या. हितं खड्डा हाय."